टिपणीस बाईंची दुपार

थकलेलं माणूस टिपणीस बाई लांबूनच ओळखायच्या. कॉलेजच्या फाटकातून पोरं आत येत असायची आणि बाई व्हरांड्यात उभ्या राहून नुसत्या चालीवरून सांगायच्या, हा रात्रपाळी करून आलाय, हिने कालपासून धड काही खाल्लेलं नाही, त्याच्या घरात कुणीतरी आजारी आहे. आम्हाला वाटायचं, बाईंना कसली तरी विद्या येते. विद्या कसली डोंबलाची! बाई स्वतःच सदा थकलेल्या असायच्या, म्हणून त्यांना कळायचं. पण हे समजायला मला आधी नोकरी, संसार आणि गुडघेदुखी असं सगळं पदरात पाडून घ्यावं लागलं.

आमचं कॉलेज कॉमर्सचं आणि सकाळचं. सव्वासातला पहिला तास, अकरा वाजता सुट्टी. निम्मी पोरं व्यापाऱ्यांच्या घरची, कॉलेज सुटलं की बापाच्या साडीच्या दुकानात जाऊन बसणारी. उरलेले आमच्यासारखे, भेस्तान-उधन्याकडून सायकल नाहीतर सिटीबस पकडून येणारे. माझे वडील बुलढाण्याकडून पॉवरलूमवर कामाला आले, ते सुरतेचेच झाले. मी दुपारी आईबरोबर साड्यांचे धागे कापायची. आमच्या वर्गातला प्रकाश तर जालन्याकडचा, स्वतःच लूमवर होता. रात्रभर खात्यात, म्हणजे आमच्याकडे लूमच्या कारखान्याला म्हणतात तिथं, उभा राहायचा, सकाळी सातला पाळी संपली की तोंडावर पाणी मारून थेट वर्गात. अंगाला मशीनच्या ऑइलचा वास. लूमच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे त्याला हळू बोलता म्हणून यायचं नाही. हजेरीला 'येस सर' म्हणाला की शेजारच्या वर्गातले मास्तर दचकायचे.

असा हा प्रकाश प्रत्येक तासाला झोपायचा. बाकीचे प्राध्यापक त्याला खडू मारायचे, उभा करायचे, बाहेर काढायचे. टिपणीस बाई स्टॅटिस्टिक्स शिकवायच्या. त्यांच्या पहिल्याच तासाला हा पहिल्या बाकावर बसला आणि दहाव्या मिनिटाला त्याचं डोकं वहीवर टेकलं. आम्ही आता खडू उडणार म्हणून बघत बसलो. बाई फळा सोडून खाली आल्या, त्याला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाल्या, शेवटच्या बाकावर जा, तिथं भिंतीला टेकता येतं, आणि नीट झोप. तो आधी घाबरला, त्याला वाटलं टोमणा आहे. मग गेला आणि खरंच झोपला.

त्या दिवसापासून बाईंच्या तासाला शेवटची दोन बाकं झोपणाऱ्यांची झाली. नियम सोपा होता. रात्री काम करून आलेल्यानं मागं झोपायचं. जागं असणाऱ्यानं वहीच्या पानाखाली कार्बन घालून लिहायचं आणि खालची प्रत झोपलेल्याला द्यायची. कार्बन आणायचा व्यापाऱ्यांच्या पोरांनी, त्यांच्या दुकानात चलनबुकातले अर्धवट वापरलेले कार्बन पडलेलेच असायचे. आमची बोटं वर्षभर जांभळी असायची. आणि आणखी एक, हा नियम बाईंनी फळ्यावर लिहून ठेवला नव्हता इतकंच: झोपलेल्याला पुन्हा उठवायचं नाही. तास संपला, पुढचे मास्तर आले, तरी नाही. तो त्याचा तो उठेल.

एकदा प्रिन्सिपॉल साहेब राउंडला आले. दारातूनच मागची तीन डोकी आडवी दिसली. साहेब भडकले, गुजरातीत विचारायला लागले की सुलभाबेन, हा वर्ग आहे की धर्मशाळा. बाई दाराशी गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, जरा हळू बोला." बस, एवढंच. बाईंना मेमो मिळाला. त्यांनी सही करून घेतला, पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. हजेरीत त्या तिघांना हजर लावायच्या ते लावायच्याच. म्हणायच्या, हजर आहेतच की ते, मी काय खोटं लिहितेय.

आता आमच्या मुलांना कॉलेजात यावर व्याख्यानं असतात. अभ्यास करताना स्वतःची काळजी कशी घ्यावी, झोप किती घ्यावी, पाणी किती प्यावं. माझी लेक मोबाइलवर ऐकते आणि मला सांगते. मी मान हलवते. आमच्या वेळी हे सगळं एका बाईच्या तोंडून, फुकट आणि ओरडा खात ऐकायला मिळायचं.

बाईंना अभ्यासाचं वेळापत्रक दाखवायला न्यायचं म्हणजे संकट असायचं. मी एकदा मोठ्या हौसेनं नेलं होतं. पहाटे चारपासून खाने आखलेले, प्रत्येक खान्यात विषय. बाईंनी लाल पेन काढलं, वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, यात तू जेवतेस कधी? मी म्हटलं, ते काय, मधे कधीतरी. आंघोळ? मधे कधीतरी. धागे कधी कापतेस? त्याला तर मी खानाच दिला नव्हता. बाईंनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर मला लिहायला लावलं. आधी झोप. मग जेवण, दोन्ही वेळचं. मग धागे. मग रोज अर्धा तास नुसतं बसायचं, काही न करता. हे सगळं झाल्यावर जे उरलं त्यात अभ्यास. उरले होते मोजून तीन तास. मी रडवेली झाले. बाई म्हणाल्या, खरे तीनच आहेत, तू खोटे नऊ लिहून आणले होतेस.

परीक्षेच्या आधी महिनाभर त्या दुपारी वर्ग घ्यायच्या, तेव्हाही दर तासानं सगळ्यांना गच्चीवर पिटाळायच्या. लांबचं काहीतरी बघा म्हणायच्या. लांब म्हणजे कारखान्यांच्या चिमण्या. आम्ही त्या बघायचो. पहिला प्रश्न कायम 'काय खाल्लंस?' आणि 'काही नाही' असं उत्तर आलं की अभ्यासाचं बोलणंच बंद. माझा एक पेपर नेमका संकष्टीला आला होता. मी नवस बोलून पाण्याचा थेंबही न घेण्याचा कडक उपास धरला होता. फाटकातच बाईंनी पकडलं. माझी चाल बघितली असणार. पिशवीतून केळं काढलं आणि म्हणाल्या, "संकष्टी पुढच्या महिन्यात पुन्हा येते. हा पेपर येत नाही." मी गणपतीची मनातल्या मनात माफी मागत तिथंच उभ्यानं केळं खाल्लं. पास झाले, आईनं श्रेय गणपतीला दिलं, मीही काही बोलले नाही.

आता बाईंचं स्वतःचं सांगते. तिथं सगळा उजेडच होता.

बाई मूळच्या सातारच्या. नवरा वापीला केमिकल कंपनीत, तिथंच खोली घेऊन राहायचा, शनिवारी यायचा. नानपुऱ्यातल्या घरात बाई आणि अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. सकाळी बाई कॉलेजात असताना रमाबेन नावाच्या शेजारच्या बाई सासूबाईंजवळ बसायच्या. बाकी सगळं, उचलणं, पुसणं, भरवणं, बाईंकडे. तपासायच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. आणि या सगळ्यावर पीएचडी. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा बाई ओट्याशी उभ्या राहून ताटलीतला भात खात होत्या आणि समोर खिडकीत कागद लावून ते वाचत होत्या. चहाचा कप बाजूला, वर साय धरलेली. मी म्हटलं, बाई, तुमचं वेळापत्रक मी तपासू का? त्या हसल्या. म्हणाल्या, माझं कुणाला दाखवण्यासारखं नाही.

त्यांच्या पीएचडीचा विषय काय असावा? लूमच्या वस्त्यांमधल्या बायका दिवसभरात किती काम करतात आणि किती विश्रांती घेतात. त्यासाठी बाई भेस्तान, लिंबायतमधून घरोघर फॉर्म घेऊन फिरल्या होत्या. आमच्या घरीही आल्या. माझी आई धागे कापता कापताच उत्तरं देत होती. उठता किती वाजता, पाणी किती वाजता येतं, स्वयंपाक किती वेळ, सगळं झालं. मग बाईंनी विचारलं, आराम किती वेळ? आईची कात्री थांबली. ती म्हणाली, "आराम म्हंजे? आजारी पडल्यावर करतेत तो?" बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. नंतर मला म्हणाल्या की हा खाना जवळजवळ सगळ्या फॉर्मवर कोराच राहिलाय, आणि गाइड म्हणतात माहिती अपुरी आहे, परत जा.

या गाइडांनी बाईंना नऊ वर्षं नाचवलं. प्रकरण लिहून न्यावं तर साहेब परदेशी, साहेब लग्नात, साहेबांचा मूड नाही. दोनदा मुदतवाढ झाली. सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी, आम्ही शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा, विद्यापीठाचं पत्र आलं की ही मुदत अखेरची. कॉलेजात विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती पीएचडी असलेल्यालाच मिळणार होती. म्हणजे तारखेच्या आत प्रबंध दिला तर नऊ वर्षांचं चीज होणार, जागाही मिळणार. नाही दिला तर सगळं मुसळ केरात. आम्हा सगळ्यांना ती तारीख पाठ होती.

शेवटच्या आठवड्यात सासूबाईंना ताप आला. टायपिस्टनं दोन प्रकरणं चुकवून ठेवली. बाई रोज कॉलेजला यायच्या, शिकवायच्या, आणि दोन वाक्यांच्या मधे फळ्याच्या कडेला टेकून डोळे मिटायच्या. डाव्या खांद्यावर पदराला खडूचा पांढरा पट्टा उमटलेला असायचा. वर्गात कुणी हू की चू करायचं नाही.

शेवटच्या दिवशी बाइंडरकडून चार प्रती आणायचं काम माझं आणि प्रकाशचं होतं. बाई म्हणाल्या होत्या, दोन वाजता घरी आणा, आपण तिघं रिक्षानं विद्यापीठात जाऊ. सही स्वतः बाईंनीच करायची होती, त्यामुळे आम्ही परस्पर देऊन येण्यासारखं नव्हतं. आम्ही दोनच्या आधीच पोचलो. लाल रेक्झिनच्या जाडजूड प्रती, त्यावर सोनेरी अक्षरात बाईंचं नाव. प्रकाशनं वाटेत तीनदा हात लावून पाहिला असेल.

दार लोटलेलं होतं. बाई पुढच्या खोलीत चटईवर झोपल्या होत्या. बाहेर जायची साडी नेसलेली, पायात चपलासुद्धा तशाच. पर्स उशाला. बहुतेक पाच मिनिटं टेकू म्हणून टेकल्या असतील. आतून रमाबेन आल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सूवा दो ने, बिचारी थाकी गई छे." आम्ही दोघं बाहेर ओट्यावर येऊन बसलो, प्रती मांडीवर घेऊन.

अडीच झाले. तीन झाले. विद्यापीठाचं ऑफिस पाचला बंद व्हायचं आणि रिक्षाला अर्धा तास तरी लागणार. मी म्हटलं, उठवू या. प्रकाश म्हणाला, अजून टाइम आहे. पावणेचारला मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, "दोन वर्सं त्यांनी मला झोपू दिलं. मी न्हाई उठवणार." मी म्हटलं, अरे, तारीख आजची आहे. तर हा शहाणा म्हणतो, लेट फी भरू की. परीक्षेचा फॉर्म उशिरा भरला की लेट फी लागते, तशीच याला पण असेल, वर्गणी काढू. आणि सांगायला लाज वाटते, पण मला ते पटलं. आम्हाला विद्यापीठ म्हणजे परीक्षेचा फॉर्म एवढंच ठाऊक. ज्याला लेट फी नाही असा कागद आम्ही जन्मात पाहिला नव्हता.

तरी चारच्या सुमारास मला राहवेना. मी आत गेले. बाईंजवळ बसले. हात पुढे केला. तोंड जरासं उघडं होतं, कपाळावरची ती कायमची आठी गेलेली होती. इतकी वर्षं बघत होते त्यांना, पण आठी नसलेलं कपाळ पहिल्यांदा पाहत होते. मी हात मागं घेतला आणि बाहेर येऊन बसले.

बाई साडेपाचला बाहेर आल्या. मागं वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मांडीवरच्या प्रतींकडे पाहिलं. म्हणाल्या, "चहा घेतलात का रे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं विद्यापीठात गेलो. क्लार्कनं पत्र उघडून दाखवलं. लेट फीचं विचारल्यावर तो प्रकाशकडे बघतच राहिला. नोंदणी रद्द झाली होती. पुन्हा नवीन अर्ज, नवीन विषय, पहिल्यापासून. गाइड साहेब म्हणाले, नशीब तुमचं. बाई परत त्या वाटेला गेल्या नाहीत. विभागप्रमुख त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस झाला आणि बाई त्याच्या हाताखाली तेच स्टॅटिस्टिक्स शिकवत राहिल्या.

आम्हाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रकाशनं पुढं लूम सोडलं, कडोदऱ्याला एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागला. मी साडी मार्केटात नोकरी धरली आणि बाहेरून एम.कॉम. करायला लागले. भेटलो की दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचो आणि निघायचो. दोघांच्याही डोक्यात तो ओटा. त्याला दुपारची झोप लागेनाशी झाली होती. मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा आडवी व्हायला घाबरायची. बाईंच्या घरची वाट मी हळूहळू टाळायला लागले, आणि त्याचीही लाज वाटायची.

चार वर्षांनी सासूबाई गेल्या. टिपणीस काकांनी नोकरी सोडली आणि दोघं साताऱ्याला कायमचे जायला निघाले. मी सामान बांधायला गेले. बाई एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. आम्ही दोघी मिळून गोधडी घडी करत होतो, दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. माझ्याच्यानं आता राहवेना. मी म्हटलं, बाई, त्या दिवशी आम्ही उठवायला हवं होतं. आमच्यामुळं तुमचं सगळं गेलं.

बाई टोकं धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी जागी होते गं."

मला कळेना.

"प्रकाशच्या आवाजात कोण झोपणार? चारला जाग आली. घड्याळ दिसत होतं. तू आत आलीस, हात पुढे केलास, मागे घेतलास, सगळं कळलं मला. उठले असते तर वेळेत पोचलो असतो."

मी विचारलं, मग उठला का नाहीत?

"पडून राहावंसं वाटलं." टोकं जुळवत म्हणाल्या, "तुम्हाला सगळ्यांना सांगत होते ना, झोपा, झोपा. स्वतः एकदा पडून राहिले, तर चोरी केल्यासारखं झालं. सांगायचं धाडस नाही झालं. तुम्ही दोघं ते ओझं घेऊन फिरताय हे दिसत होतं मला. तरी नाही सांगितलं. हे माझं फार चुकलं."

मला आधी संताप आला. चार वर्षं! माझी, त्या प्रकाशची. मी गोधडी तशीच सोडून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मागं बाई एकट्यानंच ती घडी करत होत्या, हात आखूड पडत होते. थोड्या वेळानं मी परत येऊन टोकं धरली. दुसरं काय करणार?

संध्याकाळी स्टेशनवर प्रकाश कडोदऱ्याहून आला होता. गाडी सुटायला अवकाश होता. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं हाही चिडेल, माझ्यापेक्षा त्याचा हक्क जास्त. तो थेट बाईंच्या खिडकीशी गेला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्यांना कुणापुढं मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती, त्या प्रिन्सिपॉलपुढंसुद्धा.

प्रकाशनं विचारलं, "जाग किती वाजता आली व्हती, बाई?"

"चारला."

"आन उठलात साडेपाचला."

बाईंनी मान हलवली.

"दीडच तास?" प्रकाश म्हणाला. "आजून झोपायचं व्हतं की, बाई. आमी बसलोच व्हतो बाहीर."